उणे वीसमध्ये राखलेली जागा

स्वेटररावांच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी एक फ्रेम टांगलेली आहे आणि ती भिंतीकडे तोंड करून आहे. येणाऱ्याला दिसतो तो मागचा पुठ्ठा, चार गंजके खिळे आणि सुतळी. पहिल्यांदा आलेला माणूस विचारतोच, "ही उलटी कशी?" त्यावर स्वेटरराव म्हणतात, "आत माझा फोटो आहे. सुलटी केली की पाहुणे लवकर उठतात." पाहुणा हसतो, स्वेटरराव चहाचं आधण ठेवायला वळतात आणि विषय तिथेच संपतो. विषय असा हसून संपवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

स्वेटरराव हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकोणपन्नास वर्षांचा हा सडाफटिंग गृहस्थ बाराही महिने, भर दुपारी, लग्नकार्यात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतसुद्धा स्वेटर घालून बसलेला लोकांनी पाहिला आहे. कारण विचारलं तर ते म्हणत, "थंडी वीस वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून राहायला आली. आता तिचं सामान माझ्यापेक्षा जास्त झालंय."

ते काम करतात ते एका घाऊक मालाच्या दुकानात. दुकान म्हणायचं आपलं. प्रत्यक्षात ती विमान उतरवता येईल एवढी पत्र्याची शेड आहे. तिथे कोणी बिस्किटाचा पुडा घेत नाही, खोकं घेतो. या शेडच्या पार मागच्या कोपऱ्यात शीतविभागाच्या दोन खोल्या. पहिलीत चार अंश. तिथे दूध, लोणी, चीज. या खोलीला तिथली माणसं 'उन्हाळा' म्हणतात. दुसरीत शून्याखाली वीस. तिथे मटार, मासळी, कोंबडी, आइस्क्रीम. तिचं नाव 'उणे वीस', आणि तिच्यावर विनोद करायचं धाडस कोणी केलेलं नाही.

एकेकाळी या दोन खोल्यांवर सहा माणसं होती. त्यातला एक पाव भाजायच्या विभागात गेला आणि दोन दिवसांत गुटगुटीत दिसायला लागला. दुसऱ्याचा खांदा गेला. तिसरा निवृत्त झाला. चौथ्याला बायकोने निर्वाणीचं सांगितलं की, रात्री तुमचे पाय लागले की मला मेलेला मासा आठवतो. तोही गेला. त्यांच्या जागी माणसं यायची, नाही असं नाही. एक उमेदवार छाती काढून उणे वीसमध्ये शिरला, त्याच्या चष्म्यावर धुकं धरलं आणि बाहेर आला तो चष्मा न पुसताच थेट बसथांब्यावर. शेवटी उरले दोघं. स्वेटरराव आणि त्यांचे दाजी.

दाजी म्हणजे स्वेटररावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीस वर्षांपूर्वी बेकार मेव्हण्याला हाताला धरून या शेडमध्ये आणलं ते त्यांनीच. पुढे विभागप्रमुख व्हायची वेळ आली तेव्हा दाजी म्हणाले, "मला नको. माझी बोटं पेनाभोवती वाकत नाहीत. मेव्हण्यांना करा." झालं. आता हाताखालचा माणूस नात्याने वरचा. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोदामात ऐकू येणार नाहीत असे हुकूम तिथे ऐकू यायचे. "दाजी, तुमची हरकत नसेल तर ती चौदा खोकी जरा मागे घ्यायची का?" आणि दाजी खोकी उचलता उचलता म्हणायचे, "मेव्हणे, जावयाकडून एवढं काम करून घेणारं सासर मी पाहिलं नाही."

या दोघांची एक रीत होती. उणे वीसच्या दाराची आतली कडी कधीकधी गोठून बसायची. म्हणून एक जण आत असला की बाहेरच्याने दर दहा मिनिटांनी दारावर दोन ठोके द्यायचे आणि आतल्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. मी ठीक आहे, तू? मीही ठीक आहे. एवढाच अर्थ. दाजींनी त्यात स्वतःची भर घातली होती. तीन ठोके म्हणजे चहा आलाय.

माणसं कमी होत गेली तसा माल वाढत गेला. मालाची मागणी नोंदवायचा तो मुख्य कचेरीतला संगणक. एका वर्षी दुकानातले मटार दोन दिवस संपले होते. त्याचा त्या संगणकाने असा धसका घेतला की नंतर त्याची मटारांची भूक कधी भागलीच नाही. उणे वीसमध्ये चाळीस पॅलेट मावायचे. पॅलेट म्हणजे लाकडी पाट, त्यावर पुरुषभर उंच खोक्यांची चळत. चाळीसच्या जागी यायचे छप्पन्न. स्वेटरराव मुख्य कचेरीला लिहायचे, "जागा नाही." उलट टपाली उत्तर यायचं, "आमच्या नोंदीप्रमाणे आपला माल खराब होत नाही, त्याअर्थी जागा आहे." दाजी म्हणायचे, "बरोबर आहे. तुम्ही जेवणानंतर ढेकर दिलात की ते आणखी वाढतात."

आणि माल खराब होत नव्हता हे खरं होतं. जुना माल पुढे, नवा मागे, आणि मध्ये अंगाने आडवं होऊन जाण्यापुरती एक बोळ. ती बोळ दाजींची. कुठलं खोकं कुठे, हे ते डोळे मिटून सांगत.

एका सकाळी स्वेटरराव आत मासळीची चळत बदलत होते. दहा मिनिटं झाली, ठोके आले नाहीत. बारा झाली. दाजींना चुकायची सवय नव्हती. स्वेटररावांनी स्वतःच ठोकून पाहिलं. उत्तर नाही. ते बाहेर आले तेव्हा दाजी दाराजवळ लोण्याच्या खोक्यावर बसलेले, घामाने थबथबलेले. एक हात छातीवर. दुसरा दाराकडे लांब केलेला, वीतभर कमी पडलेला.

"मेव्हणे," ते म्हणाले, "ठोके राहिले."

हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने घरी, ओझं नाही, गारठा नाही, त्यानंतर जपून कामावर. दवाखान्याच्या लांबलचक बाकावर ताई बसली होती. तिच्या मांडीवर दाजींचं अर्धं विणलेलं स्वेटर. दरवर्षी एकाच लोकरीतून ती दोन स्वेटरं विणायची, एक नवऱ्याला, एक भावाला. सुया हातात होत्या, पण चालत नव्हत्या.

"बाळ," ती म्हणाली. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणारी जगात तेवढी एकच उरली होती. "त्यांची जागा राहील ना रे? शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच विचारलं त्यांनी. म्हणाले, घरी बसलो तर बसलेलाच राहीन."

"राहील. मी राखतो."

स्वेटरराव दुकानाच्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हता. सतत कुठल्यातरी दोन खुर्च्यांच्या मधोमध बसल्यासारखा दिसायचा, एवढंच. "हे बघा," साहेब म्हणाले, "मासळी विभागातला एक धडधाकट गडी बदली मागतोय. काम अडलं तर मला त्याला कायमचा तुमच्याकडे घ्यावा लागेल, दाजींच्या जागी. नाही अडलं, तर जागा तशीच ठेवतो. तीन महिने."

"नाही अडणार," स्वेटरराव म्हणाले.

आणि त्यांनी अडू दिलं नाही. ते कसं, हे त्यांच्या बोटांना विचारावं. सकाळी सर्वांआधी येत. दोघांचा माल एकट्याने उतरवत. आत जाताना बाहेर ठोके द्यायला कोणी नसे, म्हणून खिशात गजराचं घड्याळ ठेवत. ते वाजलं की स्वतःच आतून दारावर दोन ठोके देत आणि पुन्हा कामाला लागत. उत्तर कोण देणार! महिन्याभरात त्यांना शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली. मग त्यांनी शर्ट घालणंच सोडलं आणि स्वेटरवर स्वेटर चढवून वर लोकांना सांगितलं की ही नवी फॅशन आहे.

पाव विभागातल्या काकू एक दिवस गरम पाव घेऊन आल्या. त्यांची जीभ भट्टीइतकीच तापलेली असायची. "अहो स्वेटरराव, अक्कल गोठली का तुमची? एखादा पॅलेट वितळू द्या की! होऊ द्या मटारांचं डबकं, वाहू द्या आइस्क्रीम दुकानभर. बोंब झाल्याशिवाय माणसं मिळत नसतात."

"बोंब झाली की मासळीवाला येतो, काकू."

"मग येऊ द्या!"

"आणि दाजी कुठे जातील?"

 काकूंनी आणखी एक पाव दिला.

मालाचं कोडं मात्र एकट्याच्या डोक्याने सुटणारं नव्हतं. ते सुटायचं संध्याकाळी, ताईच्या घरी. दाजी आरामखुर्चीत. मांडीवर जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद, त्यावर त्यांनी आखलेला उणे वीसचा नकाशा. ताईचा बटणांचा डबा त्यांनी ताब्यात घेतला होता. हिरवं बटण म्हणजे मटार, पांढरं म्हणजे मासळी, कोटाचं मोठं तपकिरी म्हणजे कोंबडी.

"आज किती?"

"मटार एकोणीस आले, दाजी."

"एकोणीस! त्या संगणकाला एकदा जेवायला बोलवा हो. पोटभर मटार घालू." मग दाजी हिरवी बटणं हातात खुळखुळवत आणि एकेक सरकवत. "मासळी दुसऱ्या रांगेत घ्या. कोंबडी दारापाशी, ती बुधवारी उठते. म्हणजे इथे तुम्हाला बोळ राहील. पोट आत घ्यावं लागेल, पण ते तुम्हाला आहे कुठे?"

ताई म्हणायची, "माझ्या ब्लाउजचं बटण द्या ते. दोन आठवडे टाचणीवर काढतेय मी."

"ते आइस्क्रीम आहे," दाजी गंभीरपणे म्हणायचे. "हलवता येणार नाही."

त्या नकाशाबरहुकूम दुसऱ्या दिवशी माल लागायचा. बटणं सरकवताना दाजींच्या गालांवर रंग यायचा, तो ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची. आजारी रजेवरच्या माणसाने कामात लक्ष घालणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्या कागदाची गोष्ट तिघांनी पोटात ठेवली होती.

तिसरा महिना अर्धा झाला तेव्हा मुख्य कचेरीतून तपासनीस बाई आल्या. चाळीसच्या जागेत छप्पन्न पॅलेट, माणूस एक, आणि दोन महिन्यांत वाया गेलेला माल शून्य, हे कागदावर कोणाला पटत नव्हतं. बाई चांगल्या होत्या. उसन्या जाकिटात बुडालेल्या, नाक लालबुंद. स्वेटररावांनी त्यांना स्वतःचा मफलर दिला आणि बोळीतून हिंडवलं. घरात नवी सून आल्यावर सासू कपाटं दाखवते तशा हौसेने त्यांनी रांगा दाखवल्या. वीस वर्षांत वरून कोणी बघायला आलं नव्हतं.

"ही मांडणी कोणी केली?" बाईंनी विचारलं.

स्वेटररावांच्या ओठांवर दाजींचं नाव आलं. मग नियम आठवला. दाजींची रजा आठवली.

"मीच."

"मदतीला कोण होतं?"

"कोणी नाही. एकटाच."

"आणि काम अडलं नाही कधी? खरं सांगा, संकोच करू नका."

बाईंनी खरोखर मायेने विचारलं होतं. पण स्वेटररावांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो मासळी विभागातला धडधाकट गडी. आणि खोटं कशाला बोला, त्या भयाच्या जोडीला थोडी फुशारकीही होती. मायेने विचारणारं माणूस समोर असलं की ती होतेच.

"एक खोकंसुद्धा अडलं नाही, बाई."

"कमाल आहे तुमची," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

तीन महिने पुरे झाले त्या सोमवारी सकाळी स्वेटरराव आत होते. घड्याळ वाजायला अजून अवकाश होता. एवढ्यात दारावर ठोके पडले. दोन नव्हेत. तीन.

हातातलं खोकं त्यांनी कुठे ठेवलं हे त्यांना आजही सांगता येत नाही. बाहेर आले तर दाजी उभे. गुळगुळीत दाढी, पुरं झालेलं नवं स्वेटर, एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात चहाचे दोन पेले. वजन निम्मं झालेलं, पण मिशी तीच.

"काय मेव्हणे, ओळख आहे का? मी तुमच्याकडे कामाला होतो."

 स्वेटररावांनी पेला घेतला तो दोन्ही हातांनी. बोटं धरत नव्हती.

तेवढ्यात साहेब आले. त्यांच्या हातात फ्रेम होती आणि मागे पाव विभागातल्या काकू, दोन गल्लेवाल्या, असे पाचसहा जण. "स्वेटरराव, मुख्य कचेरीने तुमचा सन्मान केलाय. वीस वर्षांत या दुकानाला पहिला!" मग साहेबांची नजर दाजींवर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे, तुम्ही? तुम्हाला पत्र मिळालं नाही?"

"कसलं पत्र? ते राहू द्या, आधी हे बघू." दाजींनी फ्रेम घेतली. मेव्हण्याचा छापील फोटो बघून त्यांचा ऊर भरून आला. "ऐका सगळ्यांनी!" म्हणत ते खणखणीत आवाजात वाचायला लागले. "शीतविभागाचे संपूर्ण काम, मालाची वाढती आवक असूनही, केवळ एका..."

तिथे आवाज जरा अडखळला. पण सुरू केलेलं वाचन अर्धवट टाकायचा माणूस नव्हता तो. "केवळ एका कर्मचाऱ्याकडून उत्तम रीतीने होऊ शकते, हे सप्रमाण सिद्ध केल्याबद्दल."

कोणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि थांबवली.

"विभागात आता एकच पद मंजूर आहे," साहेब पायाकडे बघत म्हणाले. "मी लिहिलं होतं कचेरीला, दोन्ही जागा ठेवा म्हणून. खरंच लिहिलं होतं."

"साहेब, काम अडलं नाही तर जागा ठेवतो म्हणालात तुम्ही." स्वेटरराव म्हणाले.

"म्हणालो. पण माझ्या म्हणण्याला विचारतो कोण?"

"मग लिहून घ्या, मी खोटं बोललो. अडलं होतं. रोज अडत होतं. आणि मी एकटा नव्हतो. संध्याकाळी आम्ही बटणं..."

"मेव्हणे." दाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बटणांचं बोलू नका. एक पद आहे, तेही घालवाल."

मग ते साहेबांकडे वळून म्हणाले, "एकदा आत जाऊन येऊ का? ओझं नाही उचलत."

साहेबांनी मान डोलावली. दाजी आत गेले, दार लागलं. माणसं पांगली. स्वेटरराव दारापुढे उभे राहिले आणि दहा मिनिटं व्हायच्या आत त्यांनी दोन ठोके दिले. आतून दोन आले. त्यांनी लगेच पुन्हा दिले. पुन्हा दोन आले. तिसऱ्या वेळी उत्तराला उशीर झाला. इतका, की त्यांनी कडीला हात घातला. मग ते आलं, हळू, जरा खालून, बसलेल्या माणसाने दिल्यासारखं.

दाजी बाहेर आले तेव्हा भुवयांवर हिम होतं आणि डोळ्यांखालीही. "तिसऱ्या रांगेत मटारांचं एक खोकं उलटं लागलं होतं. सरळ केलं," ते म्हणाले. मग वीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. मेव्हण्याला अरेतुरे केलं. "छान राखलीस रे."

फ्रेमसाठी खिळा ठोकला तोही दाजींनीच, स्वेटररावांच्या खोलीत येऊन. "आपल्या दोन्ही घरांत मिळून दुसरं कोणाचं नाव छापून आलंय का? दिसेल अशी लावा." दर रविवारी ते जिना चढून चहाला यायचे. ते यायच्या आधी स्वेटरराव फ्रेम सुलटी करायचे, ते गेले की उलटी. पुढे जिना जमेना. तेव्हापासून ती एकाच बाजूने आहे.

दाजी म्हणाले होते तसंच झालं. बसले ते बसलेलेच राहिले. पहिले काही दिवस "मटार किती?" विचारायचे, मग विचारणं थांबलं. ताईला ब्लाउजचं बटण परत मिळालं. ते तिने लावलं नाही, डब्यातच ठेवलं. थंडीच्या तोंडावर तिने दोन्ही स्वेटरं भावापुढे ठेवली. "त्यांचंही तूच घाल," ती म्हणाली. "ते म्हणतात, मला घरात कशाला. तुला दोन लागतात ना?" तिने दोष दिला नाही. दिला असता तर स्वेटररावांना निदान मान खाली घालायला कारण मिळालं असतं.

एका संध्याकाळी त्यांच्या मनाने घेतलं की दाजींना पुन्हा नकाशापाशी आणायचं. त्यांनी कॅलेंडरचं पान फाडलं, पाठ वर करून दाजींच्या मांडीवर पसरलं आणि बटणांचा डबा शेजारी ठेवला.

"दाजी, आज फार अडलं. बासष्ट पॅलेट आलेत. बोळ बुजली. मला काही सुचत नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"बासष्ट?" दाजींनी मान वर केली. डोळ्यांत क्षणभर जुनी चमक आली. हात डब्याकडे गेला, झाकणावर टेकला. ताई दारात उभी. मग तो हात तसाच मांडीवर परत आला.

"तुम्ही कराल," ते म्हणाले. "तुम्हाला एकट्याला जमतं."

ते टोमण्याने म्हणाले असते तर स्वेटरराव हसले असते, उलट काहीतरी बोलले असते, विषय संपवला असता. पण दाजींच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते त्यांना मनापासून पटलं होतं. छापून आलं होतं ना.